राधानगरी भरलं की पोटात गोळा येतो. धरण फुटणार नाही हे कोण आणि कशावरून ठरवतं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पंचगंगेच्या कडेला घर घेतलंय आणि राधानगरी, काळम्मावाडी भरल्याची बातमी आली की झोप उडते. आधी निम्मी भीती कमी करतो. काळम्मावाडी दुधगंगेवर आहे आणि दुधगंगा कोल्हापूरला न येता पुढं कृष्णेला मिळते. ते पाणी तुमच्याकडं येतं थेट पाइपलाइननं, नळातून! पंचगंगेच्या वरचं सगळ्यात मोठं धरण म्हणजे भोगावतीवरचं राधानगरी.

मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, तीही बहुतेक मातीच्या लहान तलावांवर. त्यामुळं माझी भीती जरा वेगळ्या जागी असते.

‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी धरणाच्या दृष्टीनं चांगली. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण 40 हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर दर सेकंदाला चार. असे सात दरवाजे. पाणी ठरल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, वीज गेली म्हणून अडत नाहीत. धरणाला खरा धोका असतो पाण्याला जायला वाट नसेल तेव्हा. विशेषतः मातीच्या धरणात. पाणी माथ्यावरून वाहायला लागलं की माती धुपत जाते आणि काही तासांत खेळ संपतो. 12 जुलै 1961 ला पानशेत असंच गेलं. काम अर्धवट होतं, पाणी साठलं, भराव खचला. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं.

पण राधानगरीचे दरवाजे धरण भरेपर्यंत उघडतच नाहीत, म्हणजे पुराआधी त्यांच्यातून जागा करून ठेवता येत नाही. धरण सुखरूप आणि पेठ पाण्यात, असं होऊ शकतं. त्यात कासारी, कुंभी, तुळशी या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी आणि धरणांच्या खाली पडणारा पाऊस वेगळाच.

दुसरा धोका पाझराचा. प्रत्येक मातीचं धरण थोडंफार पाझरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पायथ्याच्या चरात व्ही आकाराची खाच असलेली पट्टी बसवलेली असते, तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजून पाझर किती ते कळतं. आमच्या एका तलावावर चौकीदार मामा होते. ते रोज आकडा लिहायचेच, शिवाय काचेची धुतलेली बाटली त्या खाचेखाली भरून चौकीच्या खिडकीत ठेवायचे. संध्याकाळी तळाशी गाळ दिसला तर ऑफिसला फोन. कारण स्वच्छ पाणी नुसतं पाणी असतं, गढूळ पाणी म्हणजे आतून भराव निघून चाललाय. तलावाची पातळी तेवढीच असताना पाझर अचानक वाढला, तरी तसाच फोन.

2019 च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा ते खेकड्यांमुळं फुटलं या मंत्र्यांच्या बोलण्यावरून राज्यभर टिंगल झाली. खेकड्या-घुशींची बिळं, भरावावर वाढलेली झाडं, त्यांची कुजलेली मुळं हे सगळं तपासणीच्या यादीत असतंच. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही, आधी बरेच महिने कुणी ते बघितलेलं नसतं. आपल्या जिल्ह्यातही 2021 च्या सप्टेंबरात भुदरगडमधला मेघोलीचा तलाव रात्री फुटला. एका बाईचा जीव गेला, जनावरं वाहून गेली. लहान तलाव म्हणून दुर्लक्ष करू नये ते यासाठी.

कोण ठरवतं, तर 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं 15 मीटरपेक्षा उंच धरणांची (काही अटींवर 10 ते 15 मीटरचीही) पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी मालकावर बंधनकारक केली आहे. आपत्कालीन आराखडाही करायचा आहे, म्हणजे फुटलंच तर पाणी कुठं, किती वेळात पोचेल आणि कुणाला कसं कळवायचं. जोखीम मोजताना फुटण्याची शक्यता आणि खाली होणारं नुकसान, दोन्ही धरतात. म्हणून धरणाचा एक दगडही हलला नाही तरी नदीकडेला घरं वाढली की जोखीम वाढते. निळ्या रेषेच्या आत प्लॉट पाडणाऱ्यांना हे कोण सांगणार? (निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा.)

गावाकडं कधी तलावाच्या पायथ्याशी नवीन ओल, गढूळ झरा किंवा माथ्यावर लांब भेग दिसली, तर फोटो काढून पाटबंधारे उपविभाग आणि तहसीलदार दोघांनाही लेखी द्या, पोच घ्या. आणि पेठेतल्या घरासाठी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 ला ती 55 च्या वर गेली होती. ते पाणी तुमच्या घरात कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर खूणही सापडेल. मीटर आणि इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर घ्या, हे काम मे संपायच्या आत उरका.