आधी खांदे, मग डोळे

तू काढलेलं आजीचं चित्र पाहिलं. हात चांगला आहे, सोडू नकोस. पण गालावरचे ते टपोरे थेंब खोडून टाक. अश्रू काढले की दुःख आलं, ही सगळ्या नवशिक्यांची पहिली चूक. दुसरी म्हणजे पार्श्वभूमी काळीकुट्ट करणं.

सध्या दोनच गोष्टी बघ: खांदे आणि हात. जर्मन शिल्पकार केथे कोल्विट्झचा मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला. तिने घडवलेले शोकाकुल आईबाप १९३२ मध्ये बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत बसवले. दोघंही गुडघ्यांवर. बापाने स्वतःलाच घट्ट आवळून धरलंय, आई पुढे वाकलीये. बस, एवढंच.

संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बस. वही आणि ४बी (मऊ, गडद उठणारी) पेन्सिल पुरे. पाठमोरी माणसं काढ, दोन-दोन मिनिटांत. (मी वर्षभर नुसते चेहरे गिरवले, फुकट गेलं.) कुणी खरंच रडत असेल तर मात्र वही मिटायची.

कोळसा, छायाप्रकाश वगैरे दिवाळीनंतर बघू. आजी पुन्हा काढ. या वेळी पदराचं टोक धरलेली तिची मूठ तेवढी नीट जमव.