लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग आणि कलर ग्रेडिंग लवकर कसे उरकावे?

प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करून ग्रेडिंगसाठी, म्हणजे रंग आणि उजेड जुळवण्यासाठी, ते दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावे का, आणि काम झटपट होण्यासाठी कोणता लट (LUT, म्हणजे रंग ठरावीक तक्त्याप्रमाणे बदलणारी तयार फाइल) विकत घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. लट विकत घेऊ नका.

मी सांगलीच्या ज्या स्टुडिओत काम करत होतो, तेथील मालक टाइमलाइन लावल्याबरोबर सर्व क्लिपांवर एकच विकतचा लट चढवत. एक कॅमेरा एस-लॉग ३ मध्ये (उजेडाचे तपशील राखण्यासाठी चित्र मुद्दाम फिकट नोंदवणारे सोनीचे ‘लॉग’ प्रोफाइल), दुसरा साध्या प्रोफाइलमध्ये. लट मात्र लॉगसाठी बनवलेला. त्यामुळे दुसऱ्या कॅमेऱ्यातले चेहरे भाजल्यासारखे दिसत, आणि मग लटच्या पुढच्या नोडमध्ये (नोड म्हणजे रिझॉल्व्हमधील दुरुस्तीचा एकेक टप्पा) शॉटमागून शॉट दुरुस्त करण्यात रात्री जात. एका हळदीच्या शूटिंगमध्ये भर दुपारच्या उन्हात नवरीच्या गालावरची ओली हळद नुसता सपाट पिवळा डाग झाली होती, बोटांचे ओरखडेसुद्धा दिसत नव्हते. लटने जे उजळ तपशील कापले, ते त्याच्या पुढच्या नोडमध्ये परत येत नाहीत. मी एक्स्पोजरची दुरुस्ती लटच्या आधीच्या नोडमध्ये घेतली, तेव्हा ओरखडे आणि हळदीचे कण दिसू लागले. मालकांचे म्हणणे एकच होते, की गिऱ्हाईक हे पाहत नाही, नवरी उजळ दिसली पाहिजे. आणि त्यासाठी प्रत्येक क्लोजअपमध्ये चेहऱ्यावर मास्क लावून (फक्त तेवढा भाग निवडून) तो चेहऱ्याबरोबर हलता ठेवायचा, म्हणजे ट्रॅक करायचा. आमचे बिनसले ते तिथेच, आणि ते म्हणणे मला आजही मान्य नाही. माणूस सावळा असो वा गोरा, वेक्टरस्कोपवर (रंगाची छटा आणि तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचेची छटा एकाच रेषेच्या आसपास पडते. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा. छटा त्या रेषेवर आणली की चेहरा निरोगी दिसतो. मास्क लावून गोरा केलेला चेहरा मात्र मान वळताच गळ्यापासून वेगळा पडतो, आणि वेळ जातो तो वेगळाच.

म्हणून रिझॉल्व्हमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याच्या क्लिपांचा स्वतंत्र ग्रुप करावा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स क्लिपच्या पातळीवर वेव्हफॉर्म (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) पाहून जुळवावा, लॉगमधून रेक. ७०९ मध्ये (साध्या टीव्ही-स्क्रीनच्या रंगमानकात) नेणारा कलर स्पेस ट्रान्सफॉर्म हा इफेक्ट ग्रुपच्या पोस्ट-क्लिपमध्ये, म्हणजे क्लिपवरच्या दुरुस्तीनंतर संपूर्ण ग्रुपला लागू होणाऱ्या टप्प्यात, ठेवावा आणि हवा तो लुक अगदी शेवटी, संपूर्ण टाइमलाइनवर एकदाच द्यावा. लुक बदलायचा झाला तर एकच नोड बदलावा लागतो.

सॉफ्टवेअरचे म्हणाल, तर एकटे काम करत असाल तर सगळे रिझॉल्व्हमध्येच करा. प्रीमियरमधले एडिट एक्सएमएल फाइलने रिझॉल्व्हमध्ये नेताना स्पीड रॅम्प (हळूहळू बदलणारा वेग), एकात एक घातलेले (नेस्ट केलेले) सिक्वेन्स आणि स्टॅबिलायझेशन बहुधा बिघडते. एच.२६५ या पद्धतीने आकुंचित केलेल्या फायलींमध्ये बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून उलगडाव्या लागतात, म्हणून टाइमलाइन अडखळते; अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनच्या हलक्या नकला, म्हणजे प्रॉक्सी, बनवून एडिट करावे आणि ग्रेडिंग मूळ फायलींवर करावे. एडिट पक्के होईपर्यंत ग्रेडिंगला हात लावू नये.

अर्थात एडिटर वेगळा असेल आणि ग्राफिक्स आफ्टर इफेक्ट्समध्ये होत असतील, तर प्रीमियर सोडण्याची गरज नाही. पक्के झालेले एडिट ग्राफिक्सविना प्रोरेस या उच्च दर्जाच्या फाइल-प्रकारात काढून रिझॉल्व्हच्या सीन कट डिटेक्शनने (शॉट आपोआप ओळखणाऱ्या सोयीने) तोडून घ्यावे. कॅमेरा कंपनीने स्वतःच्या लॉगसाठी दिलेला मोफत लटही चालतो, फक्त दुरुस्ती त्याच्या आधी हवी. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ३८४० × २१६० पर्यंतच आउटपुट निघते. तुमच्या कॅमेऱ्याच्या १०-बिट फायली तिच्यात उघडतात का, हे काम स्वीकारण्याआधी पाहून घ्या. आणि चेहरा उजळ करून मिळणार नाही, हे आगाऊ रक्कम घेतानाच स्पष्ट सांगा.