उठल्याबरोबर डोळ्यासमोर अंधारी का येते? आणि हृदय आपलं ऐकतं का?

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. मागच्या मे महिन्यात बाबा (वय ६८) सकाळी कॉटन मार्केटातून भाजी घेऊन आले, जेवले आन कूलरसमोर झोपले. दुपारी बेल वाजली म्हणून ताडकन उठले तर डोळ्यासमोर अंधारी येऊन खालीच बसले. लागलं नाही, पण आता पुन्हा उन्हाळा येऊन राहिला तर भीती वाटते. हे काहून होते? आणि आमच्या गल्लीतले एक आजोबा म्हणतात, योगी लोकं मनात आणलं की हृदय थांबवतात, मग बीपी मनानं सांभाळता येते काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: बाबांना लागलं नाही हे वाचून खूप बरं वाटलं.

आपण झोपेतून उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत प्रेशर ओळखणाऱ्या नसा असतात, त्या मेंदूच्या अगदी खालच्या भागाला, मेड्युलाला कळवतात की प्रेशर पडलं, मग तिथून हुकूम सुटतो, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, आणि हे सगळं काही सेकंदात होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. वय वाढलं की हे काम जरा सुस्तावतं.

त्यात आपल्या नागपूरचं ऊन. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून बदामाएवढा भाग आहे, त्याच्या पुढच्या बाजूच्या पेशींना रक्त तापलेलं कळतं आणि अंग थंड करायला तो कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम आणतो. एरवी कातडीकडे मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त जातं, अंग खूपच तापलं तर ते ६-७ लिटरपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे एक हुकूम रक्तवाहिन्या उघडा म्हणतो, दुसरा आवळा म्हणतो, आणि घामानं रक्तातलं पाणीही कमी झालेलं असतं. बाबा सकाळी उन्हात फिरून आले होते, नीट पाणी पिलं नसेल, जेवल्यावर रक्त पोटाकडे वळलं आणि मग ते एकदम उठले.

आता आजोबांची गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे कारण यात आपल्या देशातल्या एका मोठ्या संशोधकाचं काम आहे. डॉ. बाल कृष्ण आनंद. १९५१ मध्ये त्यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात तिथले संशोधक ब्रोबेक यांच्यासोबत दाखवलं की हायपोथॅलॅमसचा बाजूचा छोटासा भाग दोन्हीकडे खराब केला तर उंदीर समोर अन्न असूनही खात नाही, उपाशी मरतो. म्हणजे भुकेची जागा पोटातच नाही, मेंदूतही आहे! पुढे दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी फिजिओलॉजी विभाग उभा केला, आणि वेंगर व बागची या अमेरिकेतून आलेल्या संशोधकांसोबत हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांना ईसीजी लावून तपासलं. १९६१ मध्ये ते छापून आलं. योगी श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू घट्ट आवळत, त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होई, मनगटाची नाडी लागेनाशी होई, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नसत, पण ईसीजीवर हृदय चालूच होतं. मला यात योग्यांचा अपमान अजिबात दिसत नाही. ते ज्या दारानं आत शिरले ते खरं आहे, ते दार म्हणजे श्वास. श्वास आपोआप चालतो आणि आपण म्हटलं तर आपलंही ऐकतो, आणि श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग थोडा कमी करते, म्हणून सावकाश श्वसनानं जीव शांत होतो. बाबांना करू द्या. मात्र बीपीची गोळी चालू असेल तर श्वसन करतो म्हणून ती बंद करायची नाही, आणि दम रोखून जोर लावायचा प्रकार तर त्यांच्यासाठी नकोच.

एवढं करा. उठायच्या आधी पलंगावर मिनिटभर बसून पाय हलवायचे. उन्हातून आल्यावर मीठ-साखर घातलेलं पन्हं चांगलंच, पण बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बीपी झोपून घ्या, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या, वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर बीपीच्या गोळीचा डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारा, स्वतः कमी करू नका. आणि उन्हात कोणी बरळायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तर पन्हं पाजत बसू नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.