राउटर टेबलवर पट्टी हातातून का हिसकावली गेली?

आपण लिहिले आहे की सामायिक वर्कशॉपमध्ये राउटर टेबलवर, म्हणजे मधून फिरते पाते वर येणाऱ्या टेबलावर, शिकवल्याप्रमाणे लाकडी पट्टी उजवीकडून डावीकडेच सरकवत होता, तरीही ती हातातून सुटून डावीकडच्या भिंतीवर आदळली. फेन्स (लाकूड टेकवून सरकवण्याची आडवी कड) आधीच्या सदस्याने लावली होती तशीच ठेवली आणि पट्टी बिट (फिरणारे पाते) व फेन्स यांच्या मधून नेली, असेही आपण म्हणता. बोटे सुखरूप राहिली हे वाचून हायसे वाटले. अपघाताचे कारण या दुसऱ्या वाक्यात आहे.

टेबलातून वर आलेले बिट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. लाकूड बिटच्या पुढे, म्हणजे आपल्या बाजूला असते, तेव्हा बिटची धार त्याला उजवीकडे रेटते आणि आपण डावीकडे ढकलतो. हा विरोधच लाकूड ताब्यात ठेवतो आणि त्याला फेन्सशी दाबून धरतो. लाकूड बिटच्या मागे गेले की तीच धार त्याला डावीकडे ओढते, म्हणजे ढकलणे आणि ओढणे एकाच दिशेला होते. अशा वेळी पट्टी बाणासारखी सुटते आणि तिच्यावर टेकलेला हात बिटकडे खेचला जातो. म्हणून फेन्स नेहमी इतकी पुढे असावी की बिटचा कापण्यापुरताच भाग तिच्याबाहेर दिसेल. लाकूड बिट आणि फेन्सच्या मधून कधीही नेऊ नये.

सामायिक मशीनबाबत मी एकच नियम पाळतो: आयते मिळालेले सेटिंग आपले मानायचे नाही. प्लग काढून कोलेटला, म्हणजे बिटचा दांडा धरणाऱ्या पकडीला, पाना लावून पाहतो. एकदा मला आत बसवलेले बिट नुसत्या बोटांनी फिरवता आले होते. ते तसेच सुरू झाले असते तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही. बिटचा दांडा पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर वर उचलावा आणि मगच कोलेट आवळावे. ६ मिमीचा दांडा पाव इंची कोलेटमध्ये चालवू नये, कारण पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी होतात. त्यानंतर वेगाची चकती पाहावी. ७५ मिमी व्यासाचे बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरले तर त्याची कड ताशी सुमारे ३१० किलोमीटर वेगाने धावते. म्हणून बिट जितके मोठे तितका वेग कमी ठेवावा आणि बिटवर छापलेली मर्यादा कधीही ओलांडू नये. प्लग परत लावण्यापूर्वी स्विच बंद असल्याची खात्री करावी.

काप थोडा थोडा घ्यावा, लाकूड एकदा सरकवताना तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. अरुंद पट्टीसाठी पुश ब्लॉक (लाकूड ढकलण्याचा ठोकळा) आणि फेदरबोर्ड (लाकूड फेन्सशी दाबून धरणारी दातेरी फळी) वापरावेत. तुकडा फारच लहान असेल तर रुंद फळीच्या कडेला आकार देऊन मग तेवढी पट्टी कापून घ्यावी. चष्मा आणि कानांचे संरक्षण हवेच, हातमोजे मात्र नकोत, कारण त्यांचा धागा बिटमध्ये अडकला की हातही ओढला जातो.

बिट फिरत असताना कोणी हाक मारली तरी मी मान वळवत नाही, आणि दुसरा सदस्य टेबलावर असेल तर त्याला दिसेल अशा जागी, फेन्सच्या डाव्या टोकाच्या रेषेत न येता, मशीन थांबेपर्यंत उभा राहतो. आपली पट्टी त्याच रेषेतून गेली होती.