“पोरगी गंभीरच होत नाही, मॅडम”

निकालांचे दिवस आले की एका ठरावीक तक्रारीचे पालक सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनाला येऊ लागतात. मूल हुशार आहे, बोलकं आहे, अख्ख्या गल्लीचं लाडकं आहे. पण पुढचा विचार म्हणून नाही. “हे गंभीर कधी होणार?” होटगी रोडच्या बंगल्यातले असोत की पूर्व भागातल्या चाळीतले, प्रश्न तोच. म्हणून रुपालीबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

रुपाली बावीस वर्षांची. वडिलांचा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना. चादर-टॉवेलच्या सोलापुरात हा धंदाही आता चांगला रुजलाय. मुलगी सीए झाली की हिशेब घरातच राहील, असा वडिलांचा बेत. पहिल्या भेटीत तेच बोलले. “पोरगी वाईट नाही हो, पण एका जागी बूड ठरत नाही. कामाच्या बायकांशी तेलुगूत गप्पा, टेम्पोवाल्याशी कन्नडमध्ये. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर नेली तर दहा पावलं चालू देत नाहीत हिचे ओळखीचे. पैसा हातात टिकत नाही. उद्याचं विचारलं की हसते.”

रुपाली खरंच हसत होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. “मॅडम, मी ईएसएफपी आहे. टेस्टमध्ये आलंय. आम्ही असेच असतो.”

ही चार अक्षरं हल्ली मुलं जन्मराशीसारखी सांगतात. मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची, 1921 सालची. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून सोळा स्वभावप्रकारांची चाचणी बेतली. रुपालीच्या प्रकाराचं वर्णन साधारण असं: माणसांत रमणारी, समोर दिसतं-हाताला लागतं त्यावर विश्वास ठेवणारी, मनाने निर्णय घेणारी, आयत्या वेळी सुचेल तसं करणारी. वर्णन तिला चपखल बसत होतं, नाकारायचं कारण नाही. पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं, कारण प्रत्येक अक्षर दोन टोकांपैकी एक सांगतं आणि बहुतेक माणसं त्यांच्या मधेच कुठेतरी असतात. बोलायला सुरुवात करायला ही अक्षरं बरी. “आम्ही असेच” म्हणून त्यांच्यामागे लपायला मी कुणाला देत नाही.

पुढच्या भेटींना ती एकटी आली. मजेत यायची, माझ्या शिपायालाही हसवून जायची, आणि ती गेल्यावर माझ्या वहीत काहीच नसायचं. एकदा मी तिला मधेच थांबवून विचारलं, “घरी शेवटचं न हसता काय सांगितलंस?”

ती हसली. मग ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत बसली. मी काही बोलले नाही. अशा माणसांसमोर गप्प राहणं अवघड असतं, ती आपल्यालाही बोलायला लावतात. पण मला ते जमतं.

“सीए फाउंडेशनचा निकाल लागलाय,” ती म्हणाली. “चार महिने झाले. नापास. घरी माहीत नाही. पप्पांचा चेहरा पडलेला मला बघवत नाही.”

“पडला तर काय होईल?”

“जेवणार नाहीत.”

“किती दिवस?”

तिने खरंच हिशेब केला. “एक रात्र. सकाळी भाकरी अन् शेंगाची चटणी खाऊनच कारखान्यात जातात ते.” आणि एका रात्रीच्या उपासाला आपण चार महिने भीत होतो, हे तिचं तिलाच दिसलं. या वेळचं हसू वेगळं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेने जाणारी. काय घडलं यापेक्षा त्याबद्दल माणूस मनाशी काय म्हणतो, ते मी आधी शोधते. वडील ज्याला बेफिकिरी म्हणत होते, तिच्यातली निम्मी तरी भीती होती: समोरच्याची नाराजी आपल्याला सोसणारच नाही, ही. बोलका, मोकळा स्वभाव तिचा स्वतःचाच. नकोशी गोष्ट हसण्यावारी नेणं मात्र ती शिकली होती, आणि शिकलेलं सोडता येतं. हा फरक हाती लागला की माझं अर्धं काम झालेलं असतं.

निकाल तिने सांगितला. वडील तणतणत माझ्याकडे आले आणि रागाच्या भरातच एक गोष्ट बोलून गेले. मे महिन्यात, ऐन ऑर्डरींच्या गर्दीत, एका बाईच्या बोटात मशीनची सुई घुसली. सगळे ओरडत उभे. रुपालीने मशीन बंद केलं, बाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथूनच तिच्या नवऱ्याला फोन केला, आणि परतल्यावर तिचे राहिलेले नग चौघींत वाटून दिले. माल वेळेवर गेला. “तेव्हा बरं चाललं डोकं!” वडील म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, हे परत एकदा सांगा, सावकाश.” त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज उतरला होता.

अशा मुलांच्या पालकांना माझं सांगणं असतं की “पाच वर्षांनी कुठे असशील?” हा प्रश्न ठेवून द्या, येत्या शनिवारचं विचारा. त्यांना लांबचं धूसर दिसतं, जवळचं लख्ख. चूक दाखवायची तर एकच, त्याच दिवशी आणि चारचौघांत नको. पाहुण्यांसमोर उतरवलेलं पाणी ती हसून पितात आणि विसरत नाहीत. एकट्याने खोलीत कोंडून अभ्यास होत नसेल तर कुणाला तरी शिकवायला लावा. पैशाचं आणि शब्द देण्याचं पथ्य मात्र त्यांनीच पाळायचं. रुपालीशी मी ठरवलं की मोठ्या खर्चाला किंवा कुणाच्या कामाला लगेच “हो” म्हणायचं नाही, “उद्या सांगते” म्हणायचं. पहिल्या आठवड्यात तिला ते उद्धटपणाचं वाटलं.

एक गोष्ट या सगळ्याहून वेगळी. मूळचं शांत माणूस अचानक दिवसेंदिवस झोपेवाचून राहूनही ताजंतवानं, बोलणं थांबतच नाही, पैसे उधळतंय असं झालं, तर तो स्वभाव समजून कौतुक करू नका. थेट मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. बोलक्या माणसाचंही हे नेहमीपेक्षा फार वाढलं तर तेच.

सीएचा नाद तिने सोडला. आता शाळांच्या ऑर्डरी ती घेते, आणि रोज संध्याकाळी दिवसभराची चलनं वहीत चढवल्याशिवाय उठत नाही. कंटाळा येतो, पण चढवते. वडिलांची नवी तक्रार अशी की गोड बोलून ऑर्डर आणते, उधारी मागायची वेळ आली की मला पुढे करते. पुढच्या भेटीला मी तिला वसुलीची यादीच घेऊन बोलावलंय.