हा पाव मळायचा नाही

प्रश्न : आयरिश ब्राउन ब्रेड दोनदा करून पाहिला. चपातीची कणीक, पाकिटातलं साधं ताक, सोडा, मीठ. दहा मिनिटं छान मळून अर्धा तास झाकून ठेवला. वरून खरपूस झाला, पण आतून गिच्च आणि सोड्याचा उग्र वास. यीस्ट घालून सुधारेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : यीस्ट नको. तुमच्या दोन गोष्टी चुकल्या : मळणं आणि थांबणं. दोन्ही आपल्या हाताला चपातीमुळे लागलेल्या सवयी आहेत, माझ्याही होत्या.

आम्ही तीन वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात होतो. शेजारच्या आजींनी मला हा पाव शिकवला. मी पीठ मळायला घेतल्यावर त्यांनी माझं मनगटच धरलं. मग स्वतः बोटं फाकवून, पंजा ताठ ठेवून परातीत पाच-सहा वेळा गोल फिरवला आणि हात बाहेर काढला. पिठाचा गोळा ओबडधोबड, चिकट. तो तसाच हवा. तिकडचा गहू मऊ, चिवटपणा कमी, म्हणून यीस्टपेक्षा सोड्याचा पाव तिथे रुजला. १८३०नंतर सोडा घरोघरी पोचला आणि चुलीवरच्या जाड लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून हा पाव भाजला जाऊ लागला. आपल्या गव्हाला जास्त मळलं की चिवटपणा वाढतो आणि पाव दडदडीत होतो.

आता ताकाचं बघा, कारण खरी गोम तिथे आहे. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटायला लागतो. तुम्ही अर्धा तास ठेवलंत तेव्हा बराचसा वायू निघून गेला. आणि ताक पुरेसं आंबट नसलं तर सोडा उरतो, त्याचाच तो वास. जुन्या आयरिश घरांत लोणी काढून उरलेलं ताकच वापरत. आपल्याकडे ते आयतं आहे. विरजण लावलेलं दही दोन दिवस बाहेर आंबू द्या (पुण्याच्या थंडीत तीन), घुसळून लोणी काढा, वरून पाणी अगदी बेताचं. मी सासूबाईंच्या रवीनं घुसळते, मिक्सरनंही चालतं.

पिठाचंही सांगते. गिरणीत लोकवन गहू जाड दळून घ्या, लापशीच्या जवळ जाईल इतका. गिरणीवाला दोनदा विचारेल, ठाम राहा. ते पीठ ३५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, सोडा एक सपाट चमचा, मीठ एक चमचा. सोडा आधी तळहातावर चोळून गुठळ्या मोडा, नाहीतर पावात पिवळट-तपकिरी डाग आणि कडू घास येतो. ताक साधारण ३५० मिलिलीटर. आपलं पीठ जास्त पितं, म्हणून ५० मिलिलीटर जवळ ठेवा.

ओव्हन आधी २२० अंशांवर तापवून ठेवा, मगच ताक ओता. गोळा ट्रेवर चार सेंटिमीटर जाड थापून सुरीनं खोल फुली मारा, मध्यापर्यंत उष्णता पोचायला हवी. पंधरा मिनिटांनी २०० अंशांवर आणून आणखी अर्धा तास. ओटीजीत वरची कॉइल फार जवळ असेल तर फॉइल झाका.

झाला की नाही ते रंगावरून कळत नाही. पाव उलटा करून तळाला टिचकी मारा. पोकळ आवाज आला पाहिजे, ओला थप असा आला तर आणखी पाच मिनिटं. मग जुन्या सुती पंच्यात गुंडाळून तासभर हात लावू नका. गरम कापलात तर आतून परत गिच्च वाटेल.

एवढं करूनही सोड्याचा वास आलाच, तर पुढच्या वेळी सोडा चिमूटभर कमी करा आणि ताक आणखी एक दिवस आंबू द्या.