जपात चूक झाली तर शनी कोपेल का?

साडेसाती लागली की हा प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे येतात. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला, रास मेष. 29 मार्च 2025 ला शनी मीनेत आला आणि मेषेची साडेसाती सुरू झाली. भटजींनी ‘ॐ शं शनैश्चराय नमः’चा 23,000 जप सांगितला. 108 मण्यांच्या माळेने 213 माळा. रोज दहा ओढल्या तर बावीस दिवसांचं काम. पण महिने उलटले तरी जप पुरा होईना. ‘शं’ नीट उमटला का, मणी निसटला का, अशी शंका आली की बाई पुन्हा पहिल्या मण्यावर. स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायच्या, नवऱ्याला विचारायच्या, “बरोबर म्हटलं ना?” भर समुद्रात रेंज नसल्याने मुलाचा मेसेज उशिरा आला, की आपलाच जप चुकला असं धरून सगळं पुन्हा सुरू. रात्रीची झोप गेली.

शनी काय करतो हे मी सांगू शकत नाही आणि त्यांच्या श्रद्धेला मला हातही लावायचा नव्हता. मला दिसत होता तो मंत्रचळ (ओसीडी), शंकेपायी तेच ते पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. पुन्हा म्हटलं की घटकाभर बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यानेच पुढची शंका बळावते.

भटजींना एकदाच विचारून या, असं मी सुचवलं. त्यांनी चवथीच्या पूजेच्या शेवटी म्हणतात ते आठवून दिलं: ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’. चुकांची क्षमा पूजेतच मागितलेली असते. बाईंना रडू फुटलं. तरी मी बजावलं, हा श्लोक दिवसातून एकदाच, शेवटी. नाहीतर प्रत्येक शंकेला क्षमा मागणं सुरू होतं आणि आजार तसाच राहतो.

मग ठरलं: माळ पुढेच न्यायची, रेकॉर्डिंग बंद. शंका आली तर भीती दहापैकी किती, ते मनात नोंदवून पुढचा मणी. सुरुवातीला नऊ असायची, मागे न जाताही हळूहळू उतरायची. सगळ्यात जड गेलं ते नवऱ्याला. “बरोबर म्हटलंस” एवढंही बोलायचं नाही, हे त्यांना निष्ठुर वाटे. सोबत मानसोपचारतज्ज्ञांचं औषधही होतं.

संकल्प पुरा झाला. शंका अजून येते, पण दहा माळा पाऊण तासात होतात.

तुमच्या घरी जप रोज तासन् तास लांबत असेल, तर माळ हिसकावून घेऊ नका. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर आधी बोला.